ट्रक मारुतीच्या पारापाशीच का थांबतो?

दोस्तहो, मी काही विचारवंत नाही. चाकण एमआयडीसीत एका गोदामाच्या डॉकवर माल चढवतो, उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. नोकरी कंत्राटी. माथाडीचा कायदा १९६९ साली झाला म्हणतात, पण माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर कंत्राटदाराचं नाव आहे, माथाडी मंडळाचं नाही. कविता लिहितो. ती छापून आली की सुपरवायझर म्हणतो, कवी, ती पॅलेट कोण उचलणार, तुझा बाप? माझा बाप मेला तो पिंपरीच्या फौंड्रीतली धूळ छातीत घेऊन, त्यामुळे पॅलेट मीच उचलतो.

हे सांगायचं कारण, मदतीबद्दल लिहिणारे सगळे मदत देणारे असतात. नाहीतर घेणाऱ्यांचे फोटो काढणारे. मदत उचलणारा कुणी लिहीत नाही. मी उचललीय. पोत्यात किती वजन असतं आणि ते कुणाच्या दारात उतरतं, हे मला माहीत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पाणी घुसलं. सीना, मांजरा, तेरणा, गोदावरी, सगळ्या एकदम अंगावर आल्या. धाराशिव, बीड, शेजारचं सोलापूर. आमच्या या औद्योगिक पट्ट्यात, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, मेदनकरवाडी, दर दुसऱ्या खोलीत तिकडचाच माणूस. एका खोलीत सहा पोरं, तीन पाळ्या, एक गादी कधी थंड होत नाही. त्या रात्री सगळ्यांचे मोबाईल कानाला. कुणाची शेळी वाहिली, कुणाचं घर बसलं, कुणाची आई लागतच नाय फोनवर.

मग मदत जमली. सोसायट्यांनी दिली, मंडळांनी दिली, कंपन्यांनी दिली. पीठ, तेल, डाळ, चादर, बिस्किटं, मेणबत्त्या. आम्ही पोरांनी रात्रपाळीनंतर फुकट गाडी भरली आणि चौघं गाडीबरोबर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, ते एक गाव वाईट होतं.

गाडी मारुतीच्या पारापाशी थांबली. कुणी थांबवली नाही, ड्रायव्हरनं आपोआप थांबवली. गावात शिरलेली प्रत्येक गाडी तिथंच थांबते. फाळका पडला. पाराजवळच्या सभामंडपात माल उतरला. खुर्च्या आल्या, नारळ आला, च्यायला, पुरात नारळ कुठून येतो? एकानं वही काढली. यादी तयारच होती. ज्याचं नुकसान जास्त त्याला आधी, असं ठरलं. ऐकायला किती न्यायाचं! नुकसान कशाचं? तर पिकाचं. पीक कुणाचं? ज्याची जमीन त्याचं. जमीन कुणाची? पुढं विचारू नका, उत्तर मनूपर्यंत जातं.

वस्ती ओढ्यापलीकडं होती. ओढ्याच्या पुलावर कमरेइतका गाळ. वस्तीतली माणसं मंडपाबाहेर उभी होती. कुणी त्यांना आत येऊ नका म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. दुपारी तीनला त्यांची पाळी आली तेव्हा गाडीत उरलं होतं ते म्हणजे फुटलेली पोती, भिजलेली बिस्किटं आणि पुण्याच्या कुठल्याशा सोसायटीनं दिलेले जुने कोट. एका म्हातारीनं कोट हातात धरला, माझ्याकडं बघून म्हणाली, "लेकरा, येसकरपाळीला माझी सासू दारोदार भाकर मागायची. तवा निदान ज्याच्या त्याच्या दारात जावं लागायचं. आता समद्या गावाची शिळी एका जागी मिळतीया."

मी काय बोलणार? मी तर उचलून आणली होती.

परत येताना गाडीत मी भांडलो. बरोबरचा एक भला माणूस, खरंच भला, स्वतःचा पगार घातलेला, तो म्हणाला, "मदतीत जात आणू नकोस. संकटात सगळे सारखे असतात."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

जगात संघर्षग्रस्त क्षेत्र म्हणून एक शब्द आहे. तिथं भूकंप-पूर झाला की मदतवाले नकाशा पसरतात. ताबा कुणाचा, नाकं कुठलं, कोण अडवेल, कुठून शिरायचं, याचा खल होतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. वायव्य सीरियात बंडखोरांचा ताबा होता. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीला सरहद्द ओलांडून तिथं शिरायला बाब अल-हवा नावाचं एकच नाकं मंजूर होतं. पहिला ताफा आत गेला ९ तारखेला. ढिगाऱ्याखालचा माणूस तीन दिवस थांबतो का? १३ तारखेला आणखी दोन नाकी उघडायला दमास्कसचं सरकार राजी झालं, तोवर खालचे आवाज बंद झाले होते. २८ मार्च २०२५ ला म्यानमार हादरलं, आणि तिथल्या लष्करानं भूकंपानंतरही विमानांतून बाँब टाकणं थांबवलं नाही. ८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीर हादरलं, तेव्हा ताबारेषेवर पाच ठिकाणी वाट उघडायला दोन्ही सरकारांना नोव्हेंबर उजाडला.

आणि त्सुनामी बघा. २६ डिसेंबर २००४. पाणी तेच. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात बंडखोर आणि सरकार लढत होते. लाटेनंतर बोलणी झाली, १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत करार झाला. श्रीलंकेत सरकार आणि तमिळ वाघ यांनी जून २००५ मध्ये मदत एकत्र वाटायचा करार केला. जुलैत तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्याच्या मुख्य कलमांना स्थगिती दिली. मदत कुणाच्या हातानं वाटायची, एवढ्यावरनं ते अडलं. पुढं युद्ध पुन्हा पेटलं ते २००९ पर्यंत चाललं.

म्हणजे शहाण्या जगाला हे पक्कं ठाऊक आहे की जिथं आधीच लढाई चालू आहे तिथं गव्हाचं पोतंसुद्धा कुणाच्या तरी बाजूचं होतं. तिथं कुणी म्हणत नाही की नकाशा बघू नका, संकटात सगळे सारखे असतात.

मग आमच्या गावचा नकाशा कुठाय?

त्याच त्सुनामीत आपल्या देशात काय झालं? नागपट्टिणमला कुजलेली प्रेतं उचलायला सफाई कामगारांना आणून लावलं. आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना निवाऱ्यात वेगळं ठेवलं, मदतीतून वगळलं, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा तक्रारी मानवी हक्कवाल्यांनी नोंदवून ठेवल्यात. तिथं ना बंडखोर होते ना बाँब. तिथं फक्त गाव होतं. गावकूस ही आमची ताबारेषा आहे. तिला काटेरी तार नाही, चौकी नाही, म्हणून ती जगाच्या नकाशावर नाही. पण दोन हजार वर्षांत तिच्यावरचा पहारा एक रात्र उठलेला नाही.

मराठवाडा घ्या. १९७२ चा दुष्काळ. अमेरिकेची लाल मिलो, खडी फोडायच्या कामावर वाटलेली सुकडी, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात आपल्या दोन बायांना नागवं करून मारलं. गुन्हा? तहान. सवर्णांच्या विहिरीचं पाणी. त्याच सुमाराला आपल्या पुणे जिल्ह्यात बावड्याला अख्ख्या दलित वस्तीवर बहिष्कार. आपली पँथर त्याच मे महिन्यात मुंबईत जन्मली, ती कुठल्या पुस्तकातून नाही जन्मली. दुष्काळ आभाळातून आला असेल, पण विहिरीवरचा पहारा आभाळातून आला नव्हता.

मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. एका नावासाठी. ती आग सोळा वर्षं धुमसत होती. आणि ती धुमसत असतानाच ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या आसपास किल्लारी हलली. लातूर-उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या घरात माणूस मेलं.

माझी आजी त्या भागातली. ती सांगायची, "दगडाची माळवदं होती त्यांची. मातीचा थरावर थर. पडली ती अंगावर. आमचं कुडाचं छप्पर, पडलं तरी डोकं फुटलं न्हाई." इंजिनियर लोकांनीही पुढं हेच लिहिलं, जड दगड-मातीनं मारलं, हलकी झोपडी टिकली. जन्मात पहिल्यांदा गरिबीनं जीव वाचवला. आजी त्या सकाळी ढिगारे उपसायला धावली. ज्या वाड्यात तिला उंबऱ्याच्या आत पाय टाकता येत नव्हता, त्या वाड्यात ती त्या दिवशी छपरावरून उतरली. "त्या दिशी कुणी म्हनलं न्हाई, लांब हो," असं ती म्हणायची आणि हसायची. "दुसऱ्या आठवड्यात म्हनले."

सगळं जग तिथं मदत घेऊन आलं. लष्कर आलं, जागतिक बँकेचं कर्ज आलं. बावन्न गावं मुळासकट उठवून नव्या जागी वसवायचं ठरलं. दोस्तहो, थांबा आणि विचार करा. बावन्न गावं! जमीन नवी, आराखडा नवा, पैसा बाहेरचा. महारवाडा, मांगवाडा, पाटलाचा वाडा, सगळं एका पहाटेत सपाट. गावगाडा परत बांधायचा की नाही, हे ठरवायची अशी संधी या राज्याला आधी मिळाली नव्हती.

काय केलं सरकारनं? घराचं माप जमिनीवरनं ठरवलं. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००. ७ च्या वर असेल तर ७५०. ज्याला शतकानुशतकं जमीन धरू दिली नाही, त्याला भूकंपानंतर सरकारी पट्टीनं मोजून सांगितलं, तुझी माणसं कमी जागेत झोपतात. घरात माणसं किती हे मोजलं नाही. सातबारा मोजला. पूर्वी मनू माप द्यायचा, आता टाऊन प्लॅनर देतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली, ती काय या २५० फुटांसाठी?

आणि तो हिवाळा कसला होता ते विसरू नका. मदतीचे ट्रक लातूरकडं जात होते तेव्हा नामांतराची लढाई शिगेला होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. हा संघर्षग्रस्त प्रदेश नव्हे तर काय? पण किल्लारीवर लिहिलेलं काढून बघा. भूकंपाच्या पानावर नामांतर नाही, नामांतराच्या पानावर भूकंप नाही. जणू दोन वेगळे मराठवाडे होते.

२०२५ लाही तेच. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला. आरक्षणावरून मराठा आणि ओबीसी अशी गावं आधीच उभी चिरलेली. त्याच महिन्यात पूर. आता या गावात एक ट्रक येतो आणि पारापाशी थांबतो. तो तटस्थ आहे म्हणता? त्यानं बाजू घेतलीय. फक्त त्याला ते माहीत नाही, आणि हेच त्याचं भलेपण.

माझ्यावर आरोप होईल की मी मराठ्यांविरुद्ध लिहितोय. नाही रे बाबांनो. माझ्या खोलीत मराठ्याचं पोर आहे. दोन एकर सोयाबीन कुजलं त्याच्या बापाचं. रात्री तोंडावर चादर घेऊन रडत होतं, मीच चहा करून दिला. त्यालाही हेक्टरी हिशेबानं तुकडाच मिळतो. केंद्राच्या नियमात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, त्यात बियाण्याचं बिल तरी भागतं का? पण त्याचा निदान पंचनामा होतो. गायरान कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्याचं वाहून गेलेलं पीक हे पीकच नसतं. ज्या बाईची महिनाभराची खुरपणी, काढणी पाण्यात गेली, तिचं काय गेलं हे विचारायला तलाठ्याच्या फॉर्मात रकाना कुठाय? दोघंही बुडाले. पण एकाच्या बुडण्याला कागद आहे.

हेही कबूल करतो की दोरी टाकणारा जात विचारत नाही. आमच्या इथून जवळच सुदुंबऱ्याला एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर उतरला, दीडशेच्या वर महादेव कोळी माणसं गाडली गेली, तेव्हा तिथले जवान दिवसरात्र चिखलात होते. त्यांना सलाम. जीव वाचवताना जात थोडी मागं सरते, माझ्या आजीनंही ते पाहिलं. पण दोरी गुंडाळली, वही उघडली, की ती परत पुढं येऊन बसते. वहीपासून पुढचं सगळं राजकारण आहे.

आणि कायदा? १९९४ साली रेडक्रॉस आणि बड्या जागतिक संस्थांनी मदतीची आचारसंहिता केली. वंश, पंथ, राष्ट्रीयत्व न बघता गरजेप्रमाणे द्या, म्हणाले. जात हा शब्द नाही. "कुठलाही भेद न करता" यात ती कोंबली असावी. आपल्याकडं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या ६१ व्या कलमात मात्र साफ लिहिलंय की नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही. वाचून मला आनंद झाला. मग मी मागची पानं चाळली. मदतीसाठी खोटा दावा करणाऱ्याला ५२ व्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद. ६१ वं कलम मोडणाऱ्याला? त्या कायद्यात स्वतंत्र शिक्षाच लिहिलेली नाही. म्हणजे वस्तीतल्या बाईनं एक चादर जास्त मागितली तर तुरुंग, आणि वहीवाल्यानं अख्खी वस्ती गाळली तर उपदेश.

मदतीत जात आणू नका म्हणणाऱ्या भल्या माणसा, जात मी नाही आणली. ती तुझ्या ट्रकच्या आधी पोचली होती, पारावर खुर्ची टाकून बसली होती, तू तिच्याच हातून नारळ घेतलास. तुला ती दिसली नाही, कारण ती तुझ्याशी गोड बोलली.

आता आपल्याच लोकांकडं वळतो. आपले नेतेही गेले पुरात. ट्रकवर निळा झेंडा, झेंड्यावर नेत्याचा फोटो, फोटोखाली बारक्या फोटोंची रांग. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरात मदतीच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांच्या फोटोचं स्टिकर होतं म्हणून आपण बोंबललो, बरोबर केलं. मग आपल्या स्टिकरवर गप्प का? गटागटाचे वेगळे ट्रक. एका वस्तीत तीन वेळा पीठ, पुढच्या वस्तीत शून्य, कारण तिथं आपला गट नाही. आणि मांगवाड्यात किती ट्रक गेले? पारध्यांच्या पालावर किती गेले? दहा रुपयांच्या बिस्किटासाठी आपणही आपली छोटी ताबारेषा आखतो. मारुतीच्या पारापाशी थांबलेल्या ट्रकला शिव्या देऊन आपला ट्रक फक्त विहारापाशी थांबवायचा, याला क्रांती म्हणत नाहीत.

मग करायचं काय? मी डॉकवरचा माणूस, मला डॉकवरचंच सुचतं. आमच्याकडं पहिल्या दिवशी शिकवतात, जो माल शेवटी उतरायचा तो आधी भर. केबिनच्या पाठीला लागून जे गेलं ते सगळ्यात शेवटी निघतं. त्या दिवशी आम्हीच वस्तीच्या नावाचं वेगळं काही भरलं नव्हतं. सगळं एकत्र ढीग. एकत्र ढीग म्हणजे पारावरच्या वहीच्या ताब्यात. गाडी चाकणला भरली तेव्हाच निकाल लागला होता, तिकडं जाऊन नाही.

म्हणून आता आम्ही चौघांनी पद्धत ठरवली आहे. निघायच्या आधी फोन करायचा तो सरपंचाला नाही, वस्तीतल्या बाईला. किती चुली आहेत विचारायचं, किती एकर नाही. गावचा माल आधी भरायचा, आत. वस्त्यांचा आणि पालांचा माल शेवटी, फाळक्यापाशी, पोत्यावर रंगाची खूण करून. म्हणजे पारापाशी कुणी फाळका पाडायला लावलाच तरी समोर वस्तीचाच माल दिसेल, आणि तो तिथं उतरणार नाही. पहिला थांबा ओढ्यापलीकडं. पूल गेला असेल तर डोक्यावर न्यायचं, आमची डोकी त्यासाठीच आहेत असं ही व्यवस्था सांगतेच. परत येताना गाव. गावातल्या गरिबालाही द्यायचं, मोजून, पण वस्तीत वाटून झाल्यावर. यादी उघड्यावर, मोठ्यानं वाचायची, दोन्ही ठिकाणी तीच यादी. कुणी वही काढली तर त्याला म्हणायचं, वाच, सगळ्यांसमोर वाच. झेंडा नाही, फोटो नाही, भाषण नाही. भांडण होईल. होऊ दे. शांतता होती तेव्हा आपल्याला भिजलेलं बिस्किट मिळालं होतं.

कुणी म्हणेल, माणसं उपाशी असताना भांडत बसणार का? होय. उपाशी असतानाच भांडावं लागतं, कारण पोट भरलेल्यांना त्या दिवशी भांडायची गरज नसते.

पावसाळ्याच्या आधी आम्हाला माणसं हवी आहेत. ट्रक मिळेल, माल मिळेल, तो या पट्ट्यात कमी नाही. पाठीचं काम करणारी पोरं पण आहेत. नाहीत ती यादी वाचणारी. ज्यांचा आवाज मोठा आहे आणि पारावरच्या खुर्चीकडं बघून जो दबत नाही, अशा पोरी-पोरांनी रविवारी रात्रपाळी सुटल्यावर तळेगाव चौकात भेटावं. बूट घालून या. गाळात चप्पल राहते.